हिरव्या दोऱ्याची गाठ

माझे अब्बा, बादशहा बाईंडर, चाळीस वर्षं सांगलीत पुस्तकं बांधत होते. वाचनालयांची, शाळांची, वकिलांची. आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांच्या थप्प्या असायच्या, पण त्यातलं एकही आमचं नसायचं. दारावर थाप पडली की मी आधी थप्पीकडे बघायची, आता कुठलं चाललं म्हणून. अब्बा गेले तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या हातचं एकसुद्धा पुस्तक घरात नाही.

त्यांची खूण मात्र मला पाठ होती. सगळी शिवण पांढऱ्या दोऱ्याची, शेवटची गाठ तेवढी हिरव्या दोऱ्याची, अम्मीच्या शिवणाच्या डब्यातल्या. अम्मी कटकट करायची. अब्बा म्हणायचे, "बाईंडरचं नाव पुस्तकावर कोन छापतंय? ही माजी सही हाय."

साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही तिघी नर्स होतो. डबा खाताना मी हे कधीतरी अंजनाला आणि संयोगिताला सांगितलं आणि विसरून गेले. त्या दोघी विसरल्या नाहीत.

निवृत्तीनंतर संयोगिता मुलाकडे सांगलीला राहायला गेली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आबेदा, जुन्या पुस्तकांचा सेल लागलाय. वाचनालयांनी काडलेली लय पुस्तकं हायती. एक खोकं घ्यायचं आन् मावतील तेवडी भरायची. झाकण बंद झालं पायजे, येवडंच. अंजनाला घिऊन ये."

शनिवारी आम्ही पोचलो. बाकीचे लोक पुस्तकांची नावं बघत होते, या दोघी प्रत्येक बांधीव पुस्तक उलटं धरून शेवटच्या पानांत डोकावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, पुस्तकं बघताय का ढेकूण शोधताय?"

"तू गप गं," चष्मा पुसत अंजना म्हणाली.

संध्याकाळपर्यंत काही सापडलं नाही. संयोगिताने प्रेमाने अख्खा मसूर वाढला आणि मी तिच्यावरच भडकले. "उद्या मी येणार नाही. उगाच मला आशेला लावू नका." सकाळी मात्र दोघी दारात माझ्या चपला घेऊन उभ्या होत्या.

रविवारी दुपारी खोकं जवळजवळ भरलं. अंजनाची भरतकामाची तीन पुस्तकं, संयोगिताचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक, नातवासाठी गोष्टी. माझं काहीच नव्हतं. टेबलाखाली शेतीच्या कुठल्याशा मासिकाचे वर्षावर्षाचे बांधीव अंक धूळ खात पडले होते. गुडघा दुखत असून संयोगिता खाली बसली.

"आबेदा, हिकडं ये."

शेवटची गाठ हिरवी होती. विटलेली, पण हिरवीच. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

पण तो ठोकळा ठेवल्यावर झाकण काही बसेना. सुटं पुस्तक विकत नव्हते आणि खोकी संपली होती. मी काही बोलायच्या आत अंजनाने तिची तिन्ही पुस्तकं बाहेर काढली.

"मला कुटं आता सुई दिसतीया?"

खोटारडी! दिवाळीतच तिने मला भरलेला रुमाल दिला होता. संयोगितानेही पाककृती काढून ठेवल्या. मी भांडले, हात धरले, पण त्यांनी ऐकलं नाही. झाकण बसलं. अशा मैत्रिणी मिळायला नशीब लागतं, आणि मी दोन दिवस त्यांच्यावर खेकसत होते!

घरी आल्यावर अब्बांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. ऊस, खतं, म्हशींचे रोग. मी ओळ न् ओळ वाचणार आहे.

संध्याकाळी दारावर थाप पडली, आणि इतक्या वर्षांनी माझा हात आपोआप पुस्तकाकडे गेला. दारात शेजारची सबीना होती, विरजण मागायला आलेली. पुस्तक न्यायला कुणीच आलं नव्हतं.