गौरम्माचा उजवा हात

"मावशी, अभिनंदन! तुमची बोटं जवळजवळ पूर्ण उघडायला लागली," मोबाईलच्या पडद्यावरून पुण्याची फिजिओथेरपिस्ट श्रावणी हसत म्हणाली.

गौरम्माने मांडीवरच्या उजव्या मुठीकडे पाहिलं. ती मिटलेलीच होती.

पक्षाघाताच्या झटक्याआधी तीस वर्षं गौरम्मा सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या घरी कडक भाकऱ्या थापून दुकानांना पुरवत होती. झटक्यानंतर पुण्याच्या एका संस्थेने तिला तीन महिन्यांसाठी मोटरचा हातमोजा फुकट दिला. तो बोटांना उघडायला मदत करायचा आणि ती आपल्या जोरावर किती उघडली, याची नोंद रोज पुण्याला पाठवायचा. रोज चारशे वेळा बोटं उघडायचं ठरलं होतं. श्रावणीने सुरुवातीला व्हिडिओवर शिकवलं. त्यानंतर ती आकडेच बघत होती.

मोजा चढवायचं काम मुलाचं, अमरेशचं. दुसऱ्या आठवड्यात दुखून गौरम्मा रडली, तेव्हा तोच म्हणाला होता, "अव्वा, मॅडमचा फोन आलता. आता पाच मिनिटं पुरे म्हनल्या." तिनं विश्वास ठेवला होता.

"आता मशीन दुसऱ्या पेशंटला द्यायचंय. उद्या माणूस येईल न्यायला," श्रावणी म्हणाली.

गौरम्माने डाव्या हाताने उजवी मूठ उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. "उगडत... न्हाय."

श्रावणीचं हसू मावळलं. "मग रोजचे चारशे कुणी केले?"

अमरेश दाराशी उभा होता. "मीच माज्या हातात घालत हुतो. आकडा कमी पडला तर मशीन नेतील, संस्थावाले म्हनले हुते. आन् अव्वा लई रडायची, मॅडम. मला बघवंना."

"दादा, झटक्यानंतरचे पहिले महिनेच महत्त्वाचे असतात हो." तिनं वही पुढे ओढली. "नाव पुन्हा यादीत टाकते. नंबर कधी लागेल, सांगता येत नाही."

फोन बंद झाला.

"तुज्यासाठीच केलं की, अव्वा."

गौरम्माने मूठ पदराखाली घेतली. दुखलं म्हणून ती रडली होती. नको, असं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं.

जेवताना अमरेशने रोजच्यासारखा भात कालवून घास पुढे केला. तिनं तोंड फिरवलं, ताट आपल्याकडे ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने जेवू लागली. निम्मा भात पदरावर सांडला. त्यातलं एकेक शीत वेचून ती ताटात ठेवत राहिली. अमरेश हातात घास धरून तसाच बसला होता.