ठेवणीतला जोड

मित्रांनो, जुना बूट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झिजलेली टाच, उसवलेली शिवण आणि पालथे घातलेले रस्ते येत असतील. मीही जुना आहे. पण माझ्या वाट्याला रस्ता आला तो एकच, घरापासून कारखान्यापर्यंतचा, आणि तोही एकदाच. तरी दगाबाज म्हणून माझंच नाव झालं आहे. तेव्हा आज माझी बाजू ऐकून घ्या. तसे आम्ही दोघे, डावा आणि उजवा. पण डावा मुळातच अबोल, म्हणून बोलतो मी.

आमचा जन्म एका लहानशा कामशाळेत झाला. गडद लाल रंगाचं मऊ चामडं, बाजूला नाजूक बक्कल आणि खाली जाड पण हलका फोमचा तळ. ज्या कारागिरानं आम्हाला लाकडी साच्यावर चढवलं, तो पुढच्या बाजूला अंगठा दाबून म्हणायचा, "बोटांना हलायला जागा हवी. बघायला देखणा आणि घातला की शिक्षा, असला बूट मी करत नाही." पॉलिश झाल्यावर त्यानं आम्हाला हात लांब करून पाहिलं आणि तो स्वतःशीच हसला. मला वाटलं, आपण नशीब काढलं.

आम्हाला विकत घेतलं ती बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. लांबलचक टेबलावर कापडाचे थर रचायचे, वर खडूनं आखायचं आणि यंत्राच्या पात्यानं सगळे थर एकदम कापायचे, असं ते काम. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून करायचं. तिचा हात इतका सरळ चालायचा की कारखान्यात सगळे तिला 'मास्तर' म्हणत. मीही तेच म्हणतो.

मास्तर दुकानात मुद्दाम संध्याकाळी आली होती. दिवसभर उभं राहिल्यावर पाय सुजतात, आणि सुजलेल्या पायाला जो बूट बसतो तोच खरा बसतो, हे तिला माहीत होतं. तिनं दोन्ही पायांचं माप घ्यायला लावलं. गालिच्यावर नाही, उघड्या फरशीवर चालून पाहिलं. मग आम्हाला उलटं करून शिवण नखानं ताणून बघितली. बरोबर तिची धाकटी बहीण होती. तिचा जीव शेजारच्या टोकदार, चकचकीत, स्वस्तातल्या जोडावर जडला होता.

"ताई, अगं केवढे महाग आहेत हे!" बहीण म्हणाली.

"असू देत. ते तुझे टोकदार दर वर्षी घ्यावे लागतील, वर डॉक्टरची फी वेगळी," मास्तर म्हणाली. "हे दिसायलाही छान आहेत आणि पायालाही. शिलाई बघ जरा. याला काम म्हणतात."

कापडातलं कळणाऱ्या बाईनं माझ्या शिवणीचं कौतुक केलं! मी हुरळून गेलो. पैसे कुठे खर्चावेत हे या बाईकडून शिकावं, असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होतो. तिनं खोक्याचं झाकण उघडलं, आमच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नको बाई. कारखान्यात किती धूळ, किती धागे. खराब होतील." आणि झिजलेल्या रबरी सपाता पायात सरकवून ती निघून गेली. आम्ही कपाटाच्या वरच्या खणात जाऊन पडलो. मित्रांनो, त्या दिवशी मी ठेवणीतला झालो.

ती वाईट वागली असं मी म्हणणार नाही. तिनं आम्हाला जिवापाड जपलं. सुट्टीच्या दिवशी खाली काढायची, फडक्यानं पुसायची, आलेल्या-गेलेल्याला दाखवायची. भाचीच्या लग्नाला नेणार होती, पण गर्दीत कोणी पाय दिला तर? लेकीच्या शाळेतल्या समारंभाला नेणार होती, पण आभाळ भरून आलं होतं. चांगला दिवस येईल तेव्हा घालू, असं ती म्हणत राहिली आणि चांगले दिवस सपाता घालूनच साजरे होत राहिले.

बंद खोक्यात काय होतं, हे कोणाला माहीत नसतं. माझ्या तळाला पायाचा दाब लागतो, मोकळी हवा लागते. तो चालला नाही की हवेतला ओलावा आत धरून बसतो आणि हळूहळू कुजतो. वरून मी नवा कोरा होतो. आतून माझा भुगा होत चालला होता, आणि ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

तिकडे मास्तरचे पायही कामातून जात चालले होते. पूर्वी ती जिन्यावरून भराभर चढताना ऐकू यायची. पुढे कठड्याला धरून, थांबत थांबत येऊ लागली. आली की कोमट पाण्यात पाय सोडून बसायची.

"आई, ते लाल बूट घाल ना," लेक म्हणायची.

"अगं, ते चांगले आहेत."

"चांगले आहेत म्हणूनच सांगतेय!"

"तुला नाही कळायचं ते," मास्तर म्हणायची आणि विषय संपायचा.

एके दिवशी ती पाण्यात पाय न सोडता नुसतीच बसून राहिली. मालकानं तिला बोलावून घेतलं होतं. हात सरळ चालतो, पण तुम्हाला उभं राहवत नाही, तेव्हा आता बटणांच्या टेबलावर बसा, असं त्यानं सांगितलं होतं. कापणीचं टेबल म्हणजे तिचा मान होता. "एक दिवस द्या, उभी राहून दाखवते," असं ती मालकाला सांगून आली होती. मग तिनं वरचा खण उघडला. मला वाटलं, आता माझी पाळी. या बाईला मी पडू देणार नाही.

सकाळी तिचा पाय आत आला. ते सुख काय सांगू! पण रस्ता ओलांडताना माझ्या टाचेत काहीतरी तडकलं. कारखान्याच्या दारातून टेबलापर्यंत तिच्यामागे काळ्या भुग्याची रांग पडली. तिचं लक्ष नव्हतं. ती मालकासमोर ताठ उभी राहिली, पातं सुरू केलं, टेबलाच्या कडेनं सरकू लागली, आणि माझा तळ निसटला. तिचा तोल गेला. पातं आखलेली रेघ सोडून तिरकं गेलं आणि कापडाचे सगळे थर वाया गेले.

मालक ओरडला नाही. "बसा आता, मास्तर. पाय बरे झाले तर परत या," एवढंच म्हणाला.

तिनं आम्हाला पायातून काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐन वेळी दगा दिलास ना?" मी! जो इतकी वर्षं अंधारात तिची वाट बघत होतो, त्यालाच हे ऐकावं लागलं.

ती तणतणत दुकानात गेली. दुकानदारानं मला उलटंपालटं करून पाहिलं. "बाई, हे वापरून नाही गेले. पडून राहून गेलेत," तो म्हणाला. "वरचं चामडं उत्तम आहे. नवा तळ बसवून देतो."

"नको," मास्तर म्हणाली. "यांच्यावर माझा विश्वास राहिला नाही."

मित्रांनो, तळ निखळला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. पण फेकवेना म्हणून तिनं आम्हाला परत त्याच खणात टाकलं.

गेल्या आठवड्यात लेकीनं आईसाठी नवे बूट आणले. निळे, मऊ, देखणे. ते घालून रोज चालली असती तर तिचे पाय सावरले असते, टेबलही परत मिळालं असतं. मास्तरनं त्यांची शिवण पाहिली. तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर आहेत गं," ती म्हणाली. "पण आता बसूनच तर काम असतं. राहू देत, चांगल्या दिवशी घालीन." आणि ते निळं पोर माझ्या शेजारी येऊन बसलं.

कपाटाचं दार लागल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "आजोबा, उद्या नेणार ना आपल्याला?"

मी त्याला काय सांगू? माझा आवाज मास्तरपर्यंत पोहोचत नाही, पण तुमचा तुमच्या आईपर्यंत पोहोचतो. आज घरी गेलात की आईच्या कपाटातला वरचा खण उघडा. तिथे असं कोणी बसलेलं असेल, तर त्याला खाली काढा आणि तिच्या पायात घाला. ती नको म्हणेल. तिचं ऐकू नका.