मी न नेलेली माहिती

मी एक डीटीओ क्लास बोलतोय, म्हणजे माहिती वाहून नेणारा कोडचा एक तुकडा. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधला हमाल म्हणा ना. तळाच्या थरात रुग्णांची माहिती साठवलेली, मधल्या थरात नियम, वर वॉर्डातली स्क्रीन. खालची माहिती वर पोचवायची, हेच माझं काम. माझ्यात जेवढे रकाने, तेवढंच ओझं मी उचलतो. स्वतःची अक्कल मला दिलेली नाही.

मला घडवणारी मुलगी दूरदेशी शिकून नुकतीच परतली होती. तिला वाटलं होतं, इथे क्लास लिहिण्याआधी सिस्टरांना विचारतील, तुम्हाला काय काय लागतं. प्रत्यक्षात इथे क्लास लिहीतच नसत. जुना उचलून चिकटवत. टीमचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणत, तिला हसून म्हणाले, "बाई गं, सगळं पहिल्यापासून मांडत बसू नकोस. बाह्यरुग्णांचा क्लास घे, नाव बदल, झालं."

नवखी होती. तिने ऐकलं.

त्या जुन्या क्लासात ॲलर्जीचा रकाना नव्हता, म्हणून माझ्यातही आला नाही. स्क्रीनवर मात्र ॲलर्जीची जागा होती. तिथे मी रिकाम्या हाताने पोचलो की स्क्रीन आपल्या मनाने लिहायची, 'नाही'. चाचणीसाठी घेतलेल्या खोट्या रुग्णांपैकी कोणालाच ॲलर्जी नव्हती. त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

मग शिवणकाम करणाऱ्या एक बाई तापाने भरती झाल्या. आईला पेनिसिलिन सोसत नाही, हे लेकीने सांगितलं होतं. तळाच्या थरात ते नीट नोंदलेलंही होतं. सिस्टरने स्क्रीन वाचली, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. बाई गेल्या.

चौकशीत तळाची नोंद काढली, तर ॲलर्जी स्पष्ट दिसली. सिस्टर एकच सांगत राहिली, "मी वाचलं होतं. नाही असंच होतं." बाईंचं पान स्क्रीनवरून केव्हाच निघालं होतं, म्हणून कोणी मानलं नाही. तिला घरी बसवलं, आणि तिचा परवाना रद्द करायचं ठरत आलं.

हे कानावर आल्यावर मला घडवणाऱ्या मुलीने मला उघडलं आणि एकेक रकाना तपासला; ॲलर्जीचा नव्हताच. दादा तिच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी हळूच समजावलं, "रकाना घाल आणि विषय मिटव. सिस्टरचं रुग्णालय बघून घेईल. तुझं अख्खं आयुष्य पडलंय."

"तिचं नाही पडलेलं?" एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी सगळ्या वॉर्डांतल्या स्क्रीन बंद करायला लावल्या. माझ्यात मात्र एक अक्षरही बदललं नाही. मला आहे तसा घेऊन ती चौकशीच्या खोलीत गेली, सिस्टरशेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सिस्टरनी बरोबर वाचलं. ते 'नाही' माझ्या क्लासमुळे आलं."