डावी कड

ताईने फुटबॉल संघाच्या मागच्या फळीतली एक खेळाडू कमी केली आणि मैदानाची अख्खी डावी कड धाकटीच्या गळ्यात पडली.

आधी मागे चौघी असत. धाकटी डावीकडचा बचाव सांभाळायची आणि तिच्या पुढे आणखी एक जण असायची. एक वर गेली की दुसरी मागे थांबायची. आता मागे तिघी, मधे गर्दी आणि डावीकडे ती एकटी. चढाईत पार समोरच्या रेषेपर्यंत जायचं, चेंडू गेला की जीव तोडून परत यायचं. घरात ती ताईशी कशावरूनही भांडायची, पण मैदानावर ताई कोच होती. तिथे 'का' विचारायची सोय नव्हती.

सुरुवातीचे सामने जिंकले. कोचच्या बहिणीला पंख फुटलेत, असं लोक म्हणू लागले. धाकटीलाही ते आवडलं. पाय मात्र ऐकेनात. दिवसा ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात चादरी सरकवायची. तिथे नुसती उभी असली तरी पोटऱ्या फडफडायच्या. बसली की गुडघा हलायला लागायचा.

"पाय आवर गं," जेवताना आई म्हणाली. "टेबलावरची भांडी नाचतायत."

"मी नाही हलवत. तो आपला आपणच हलतोय."

आईने ताईकडे पाहिलं. ताई ताटातून मान वर न करता जेवत राहिली.

संघाच्या ट्रेनरबाई खेळाडूंच्या पाठीवर एक छोटं यंत्र बांधायच्या. कोण किती धावलं, किती वेगाने, ते त्यात कळायचं. एकदा सरावानंतर त्यांनी ताईला बाजूला घेतलं. धाकटी बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, तिला सगळं ऐकू आलं.

"अंतर फारसं वाढलेलं नाही," ट्रेनरबाई म्हणाल्या. "पण आधी ती मधूनमधून चालायची, दम खायची. आता चालणं संपलंय. सुसाट धावायचं, करकचून थांबायचं, पुन्हा धावायचं. मांडी किती दिवस सोसेल?"

"एकच सामना उरलाय. जिंकलो तर वरच्या गटात जाऊ."

"मग दुसऱ्या अर्ध्यात तरी तिला बदला."

"आणि तिच्या जागी उतरवू कुणाला?"

ट्रेनरबाईंनी यंत्र बंद करून पेटीत ठेवलं. दोघी बहिणी घरी निघाल्या.

"दुखतंय का?" वाटेत ताईने विचारलं.

"दुखत नाही. ओढतंय."

"माझा गुडघा गेला, त्या दिवशीही मी शेवटपर्यंत पळाले होते."

"म्हणून तर जिना चढताना कठडा धरतेस," धाकटी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं. ताईने चालण्याचा वेग वाढवला.

शेवटच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. नंतर एकदा धाकटी वरून परत धावत आली आणि मांडीच्या मागे काहीतरी चिमटल्यासारखं झालं. ती उभी राहिली, पाय झटकला, खेळत राहिली. थोड्या वेळाने ताईच्या संघाकडे चेंडू आला. संघाची पुढची खेळाडू, जिला सगळ्या 'बेकरी' म्हणत कारण ती पहाटे पाव भाजून सरावाला यायची, तिने डावीकडे पाहून हात केला.

धाकटी जागची हलली नाही.

"वर जा," कडेवरून ताई ओरडली. "डावीकडे कुणीच नाहीये."

धाकटीने ताईकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली. नाही. त्यानंतर ती मागच्या तिघींच्या बाजूला जाऊन उभी राहिली ती शेवटपर्यंत. समोरच्यांना तिने डावीकडून एकदाही आत येऊ दिलं नाही. पण ताईच्या संघालाही गोल करता आला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि वरचा गट हुकला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी तिच्याशी बोललं नाही. ताईने बाटल्या गोळा केल्या, चेंडूंची जाळी बांधली, आणि सगळ्या गेल्यावर बर्फाची पिशवी घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"पालथी हो."

धाकटी बाकावर पालथी झाली. ताईने पिशवी तिच्या मांडीवर दाबून धरली.

"तू सांगायचं होतंस," ताई म्हणाली.

"सांगितलं होतं की, ओढतंय म्हणून."

ताईने पिशवी जरा सरकवली आणि म्हणाली, "मला ऐकायचं नव्हतं. तू म्हणशील 'जमत नाही', आणि मला सगळा संघ पुन्हा मांडावा लागेल, याचीच भीती होती."

पुढच्या मोसमात तिने संघ खरंच पुन्हा मांडला. मागे परत चौघी आणि डावीकडे धाकटीच्या जोडीला एक जण. इथे वाढवलेल्या खेळाडू पुढच्या फळीतून काढून घेतल्या होत्या. धाकटीला मधूनमधून चालायला मिळू लागलं, धुलाईखान्यात पोटऱ्या शांत राहू लागल्या.

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात बेकरी धापा टाकत तिच्याशेजारी येऊन बसली. तिचा गुडघा एकसारखा हलत होता.

"पुढे मी एकटीच आहे आता," ती म्हणाली. "समोरच्या संघाच्या चौघींच्या मागे मीच पळायचं. तुझ्या ताईशी बोलशील का?"

धाकटीने मैदानापलीकडे पाहिलं. ताई खुणेचे शंकू हलवत होती. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे.

"चल," ती उठत म्हणाली. "दोघी मिळून बोलू."