सात भाकरींची उकळी

विझलेल्या चुलीवर पाण्यानं भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं होतं, त्यात दीक्षा डोकावली. गंजात तिचे कप होते!

बाजारातले असते तर कोण रडलं असतं? पण हैदराबादच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं झिजून, मक्यापासून केलेल्या प्लास्टिकमध्ये दुसरं एक द्रव्य मिसळून तिनं हे ओतले होते. आधीचे सगळे उकळता चहा पडताच ओल्या पापडासारखे लोळले. "हे शेवटचे सहा. वाकले तर विषय बंद," असं तिथल्या सरांनी बजावलेलं. तपासणी सोमवारी. दुसऱ्या कुणावर भरवसा नाही म्हणून दीक्षा बाईसाहेब कप पिशवीत घेऊन गावी, बेल्याला घरी आल्या होत्या!

"माय! हे काय करून ठेवलं तुनं?"

"काय केलं? उकळले," सखूबाई भाकऱ्या फडक्यात गुंडाळत म्हणाली. "मालकाच्या घरी आमचे कप येगळे, कोनाड्यात धूळ खात. तवापासून माह्या घरात कोणताबी नवा कप उकळल्याबिगर कोणाच्या हाती देत नाही मी. तुले माहीत नाही काय?"

माहीत होतं. माहीत असून पिशवी चुलीजवळ ठेवली, ही अक्कल दीक्षाचीच.

"तरंगून राह्यले होते मेले. मंग एकेक कप स्टीलच्या गिलासात घातला, वरून कपात दुसरा गिलास दाबला. दहाच गिलास घरात, म्हणून एक कप राह्यला तसाच."

दीक्षानं गिलासांची एक जोड उपसून मधला कप काढला. आधी आरपार दिसायचा, आता दुधासारखा पांढुरका झालेला. संपलं सगळं! तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात तिचे वडील, नागनाथ, चहा मागत आले. सखूबाईनं शेगडीवरचा उकळता चहा सरळ त्याच कपात ओतला.

"नको!" दीक्षा किंचाळली.

कप जराही वाकला नाही. नागनाथ फुंकर मारून घोट घेऊ लागले. "काऊन वरडली व?"

दीक्षानं पिशवीतला सहावा, कोरा कप काढला आणि त्याच पातेल्यातला चहा ओतला. बघता बघता कप मान टाकून आडवा झाला, चहा भुईवर. सोमवारी सगळ्यांसमोर हेच झालं असतं!

"माय, किती वेळ उकळले?"

"घड्याळ कोण पाह्यते? सात भाकरी होईस्तोर. मंग चूल इझवली, गंज तसाच ठेवला निवाले. घाई केली तर तूप तरी रवा धरते काय?"

अगं बाई! प्रयोगशाळेत साच्यातून निघाले की लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायचे ते कप. आत रवा धरायला, स्फटिक जमून कडक व्हायला तीन वर्षांत एकदाही वेळ दिला नव्हता कुणी.

दीक्षानं डोळे पुसले, वही उघडली, मोबाइलचं घड्याळ लावलं.

"माय, चूल पेटव. परत सात भाकरी टाक."

"आता? खाईन कोण?"

"मी. सगळ्या. पण रोजच्यासारख्याच थाप, जराबी घाई करू नको."

सखूबाईनं परातीत पीठ घेतलं.