खोड सांगायची रीत

बेलापूरच्या कृपादान सरांच्या जीपचा पेट्रोलचा काटा तीस वर्षं खोटं बोलत होता, पण एका प्रमाणात. टाकी अर्धी असली की तो पाव दाखवायचा, पाव असली की रिकामी. सर गणिताचे. काटा दाखवेल त्यात पाव मिळवायचा, असं सूत्र त्यांनी बसवलं आणि लष्करी लिलावातून आणलेली ती जीप त्यावर चालवली. सूत्राला अपवाद असतातच. ते नेमके रस्त्यात यायचे, आणि मग त्यांच्या बायकोला, मरियाबाईंना, उतरून ढकलावं लागायचं.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाईंनी सांगून टाकलं, "आता पेट्रोल संपून गाडी उभी राहिली, तर जिथं राहील तिथंच विकीन."

बाई बोलल्याप्रमाणे करतात, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी श्रीरामपूरहून कानिफनाथ मिस्त्रीला बोलावलं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. कानिफनाथनं आधी सरांना उठवलं, मग सीट उचलली आणि टाकीवरची वायर काढून बॉडीला टेकवली. काटा झटक्यात फुल्लवर गेला.

"मीटर चांगलंय, सर. रोग टाकीत हाय."

टाकीतल्या तरंगत्या डबीची दांडी वाकलेली निघाली. त्यानं ती सरळ केली, अर्थिंगचा गंज घासला, दोनदा पेट्रोल ओतून ताडून पाहिलं. "आता काटा दाखवंल तेवढंच पेट्रोल. थेंब इकडंतिकडं न्हाई."

सरांना भरून आलं.

पुढच्याच आठवड्यात घोडेगावच्या पलीकडे भाचीच्या नव्या घराची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थना होती. दोघं जीपनं निघाले.

"अहो, काटा खाली टेकलाय," नेवासं मागं पडल्यावर मरियाबाई म्हणाल्या.

"म्हणजे पाव टाकी आहे."

"मिस्त्री म्हणाला ना, दाखवेल तेवढंच?"

"मिस्त्री त्या काट्याला आठ दिवस ओळखतो. मी तीस वर्षं."

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारासमोर जीप दोन आचके देऊन थांबली. बाजाराचा दिवस होता.

मरियाबाई उतरल्या, आत गेल्या आणि त्यांच्या भावाला दोन गाई देणाऱ्या सहादेवभाऊ व्यापाऱ्याला घेऊन आल्या. सहादेवभाऊंनी जीपला एक फेरी मारली, बोनेटवर थाप दिली, दात पाहायची सवय कशीबशी आवरली. मग सौद्यासाठी उपरणं काढलं. बाईमाणसाचा हात कसा धरणार, म्हणून ते सरांच्या हातावर टाकलं. उपरण्याखाली बोटं दाबली जाऊ लागली. भाव इतका बरा निघाला की सर घाबरले.

"द्या," मरियाबाई म्हणाल्या.

"थांबा ताई. आदी खोड सांगा. बाजाराची रीत हाय. लपवली तर जनावर माघारी येतं."

सरांचा चेहरा उजळला. "ब्रेक दुसऱ्यांदा दाबल्यावर लागतो."

"चालंल."

"पावसात सुरूच होत नाही."

"बैल बी बसतोय पावसात. आनखी?"

सरांनी बायकोकडे पाहिलं, मग जीपकडे पाहिलं. "मागच्या नाताळात राहुरीला पंक्चर झालं नव्हतं. पेट्रोल संपलं होतं."

मरियाबाईंची मान वळली.

"आणि आमच्या लेकीच्या, एंजेलाच्या लग्नाला उशीर झाला, तेव्हा रस्त्यात ट्रॅफिक वगैरे काही नव्हतं."

"बरं. आन आज?"

"आज काटा खरं सांगत होता. मीच त्यात पाव मिळवला."

सहादेवभाऊंनी हात सोडवून घेतला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "ताई, गाडीची खोड मी संबाळली असती. ही खोड धन्याची हाय. आमी धनी घेत न्हाई."

त्यांनीच पंपावरून पेट्रोलचा कॅन मागवून दिला. जीप सुरू झाली. काटा उठला आणि स्थिर झाला.

"किती दाखवतोय?" मरियाबाईंनी विचारलं.

"पाव."

"मग आहे किती?"

सरांचे ओठ बेरजेसाठी हलले, पण त्यांनी ते मिटले. "पाव."

"बरं. आता एंजेलाच्या लग्नापासून सांगा. सगळं."

भाचीचं घर अजून बारा किलोमीटर होतं, आणि पेट्रोल तिथपर्यंत पुरेल, याची सरांना आयुष्यात पहिल्यांदाच काळजी वाटली.