म्हाताऱ्या कुत्र्याची झोप

आत्यानं जन्मभर औषधांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद केले होते. साठीला टेकल्यावर एका प्रकाशकाला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्यानं तिला एक ग्रीक महाकाव्य मुलांसाठी गोष्टीरूपात लिहायला सांगितलं. वीस वर्षांनी घरी परतणाऱ्या राजाची ती गोष्ट.

तिची एक पद्धत होती. प्रकरण झालं की ती खालच्या मजल्यावर भावाकडे जायची आणि नऊ वर्षांच्या भाचीला ते वाचून दाखवायची. पोरगी प्रश्नांनी डोकं पोखरते म्हणून घरात तिला भुंगा म्हणत. भुंगा कंटाळली की सोफ्याचे दोरे उपसू लागे, आणि आत्या समासात निमूट फुली मारून तेवढा मजकूर उडवी. सोफ्याची एक बाजू पार विरली होती, पण पुस्तक झकास होत होतं.

मग ते प्रकरण आलं. राजा भिकाऱ्याच्या वेषात परततो. कोणी ओळखत नाही, फक्त दारातला त्याचा म्हातारा कुत्रा ओळखतो, शेपूट हलवतो आणि तिथंच प्राण सोडतो.

वहिनीनं आधीच बजावलं होतं की घरातला तक्क्या जाऊन दोनच महिने झालेत, पोर आत्ता कुठं धड जेवायला लागलीय. तक्क्या म्हणजे त्यांचा चौदा वर्षांचा कुत्रा. दुपारी तो धापा टाकत जिना चढायचा आणि लिहिणाऱ्या आत्याच्या पायांवर झोपायचा. आत्याचा त्याच्यावर फार जीव होता. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या त्या ग्रीक कुत्र्याला तिनं सरळ जिवंत ठेवलं.

आणि तिथंच फसली. पुढच्या प्रकरणात मेजवानी सुरू होताच भुंग्यानं विचारलं, कुत्रा कुठंय? आत्यानं त्याला टेबलाखाली बसवलं. लढाई आली, तेव्हा स्वयंपाकघरात नेला. राणी भेटली, तर तिच्या खोलीपर्यंत चढवला. संपादकानं फोन करून अदबीनं विचारलं की सोमवारी पुस्तक छपाईला जायचंय, आणि हा कुत्रा जिने कधीपासून चढतोय? मुलांना काय पेलतं ते मला शिकवू नका, असं फटकारून आत्यानं फोन ठेवला. राग खरं तर तिला स्वतःचाच आला होता.

रविवारी तिनं शेवटचं प्रकरण वाचलं. कुत्र्याचं वाक्य आलं आणि भुंग्याचा हात सोफ्याकडे गेला. दुसरं आलं, पुन्हा दोरा. आत्या वाचायची थांबली.

"आत्या, त्याला सारखं उठवतेस कशाला?" भुंगा म्हणाली. "किती दमलाय तो. राजा आला, त्यानं बघितला. आता झोपू दे ना."

"तुला चालेल?"

"तक्क्यापण मी शाळेतून येईपर्यंत थांबला होता," भुंगा म्हणाली. "मी आल्यावर त्यानं शेपूट हलवलं. मग झोपला."

हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन महिने सगळे त्या पोरीला जपत होते, आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. आत्याला रडू आवरेना. भुंग्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि मागच्या प्रकरणांची पानं उलटत कुत्र्याच्या एकेका वाक्यापुढे फुली मारत गेली. दारातल्या वाक्यापाशी ती थांबली, आणि तिथं काय लिहायचं ते तिनं आत्याला सांगितलं.